वर्ष उतरवून ठेवायला कोणती वही घ्यावी: छापील डायरी, दोनशेपानी, कागजीपुऱ्याचा हातकागद आणि मोबाईल

डिसेंबर लागला की संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईभोवती स्टेशनरीच्या दुकानांत तारखा छापलेल्या डायऱ्या पुढे येतात आणि घेणारा कव्हर बघून उचलतो. कव्हरवरून काही ठरत नाही. वही चांगली की वाईट हे बारा महिन्यांनी कळतं, ती पहिल्या पानापासून वाचायला बसल्यावर. अक्षर दिसतं का? पानं जागेवर आहेत का? आणि वर्षात आपण कुठलं नवं काम केलं, काय शिकलो, कुठे अडलो हे लिहिलेल्यातून हाती लागतं का? इथे चारही पर्याय याच कसोटीवर बघितले आहेत. सोबत आपलं हवामानही धरलं आहे: मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन, पत्र्याखालच्या खोल्या, पावसाआधीची धूळ, भाद्रपदातली दमट हवा.

निकाल आधीच सांगून टाकतो. शिवलेल्या बांधणीची, पुठ्ठ्याच्या कव्हरची एकरेघी दोनशेपानी वही आणि साधा बॉलपेन. बहुतेकांना याहून जास्त काही लागत नाही. छापील डायरी ठराविक लोकांच्याच उपयोगाची आहे. हातकागदाची वही सुंदर असते, पण ती कशासाठी घ्यायची हे नीट समजून घेतलं पाहिजे. मोबाईल हा जोडीदार म्हणून चांगला; एकट्याच्या भरवशावर वर्ष सोपवू नये.

छापील डायरी

छापील डायरीची अडचण तिच्यावर छापलेल्या तारखेतच आहे. चार दिवस लिहायचं राहिलं की चार कोरी पानं मधे उभी राहतात, ती बघून पाचव्या दिवशीही पेन उचलला जात नाही. फेब्रुवारीत सुटलेल्या बहुतेक डायऱ्या अशाच सुटतात. दुसरं म्हणजे प्रत्येक दिवसाला सारखीच जागा मिळते. नोकरीचा पहिला दिवस आणि दिवसभर लाईट नसलेला मंगळवार, दोघांनाही एकेक पान. त्यात अनेक डायऱ्यांत रविवारला अर्धंच पान असतं, आणि स्पर्धा परीक्षा, लग्नकार्य, प्रवास, नवा क्लास हे सगळं पडतं बहुतेक रविवारीच.

शिवाय आपलं वर्ष १ जानेवारीला सुरू होतंच असं नाही. विद्यार्थ्याचं वर्ष जूनमध्ये उघडतं. शेतकऱ्याचं मृगात, ७ जूनच्या आसपास. बीडच्या ऊसतोड कुटुंबाचं वर्ष उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर निघतं आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परततं. व्यापाऱ्याचं दिवाळी पाडव्याला, नोकरदाराचं बऱ्याच अर्थाने १ एप्रिलला. गुढीपाडव्यापासून लिहायचं म्हटलं तर आणखी एक पेच आहे. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आणि २०२७ चा ७ एप्रिलला. मधे अधिक ज्येष्ठ येत असल्यामुळे ते वर्ष ३८४ दिवसांचं भरतं. ३६५ पानांची छापील डायरी तिथे पुरणारच नाही. कोऱ्या वहीला ही अडचण कधीच येत नाही.

वजनाचंही बघा. ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्म्या) आकाराची, रोज एक पान अशी डायरी म्हणजे साधारण १८३ पत्रं; पुढची-मागची दोन पानं मिळून एक पत्र. ७० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं एक पत्र सव्वादोन ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. म्हणजे नुसता कागदच ४०० ग्रॅम, वर पुठ्ठा आणि रेक्झिन. रोज एसटीने अपडाऊन करणाऱ्याच्या पिशवीत ती महिनाभर राहते, मग घरी राहते, मग कपाटात जाते.

बँका, पतसंस्था, बी-बियाण्यांची दुकानं फुकट देतात त्या डायऱ्यांचा कागद बहुधा पातळ असतो. एका बाजूचं लिहिलेलं दुसऱ्या बाजूला उमटतं. दूधवाला, किराणा, मजुरीची हजेरी यांच्या हिशेबाला त्या उत्तम आहेत. वर्षभराच्या नोंदी मात्र त्यात करू नयेत.

छापील डायरी घ्यावी ती ज्यांचं काम तारखांवर चालतं त्यांनी: वकील, विमा प्रतिनिधी, मंगल कार्यालयवाले, लग्नाचे आचारी. घ्यायचीच असेल तर जानेवारीच्या मध्यानंतर घ्या, भाव उतरतात. आणि एक हिशेब लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून लिहायच्या वहीवर जीएसटी शून्य आहे, डायरीवर १८ टक्के. तेवढ्याच पैशात वहीचा कागद चांगला मिळतो त्यामागे हेही एक कारण आहे.

दोनशेपानी: दुकानात काय बघायचं

वही मधोमध उघडा आणि पानांच्या सांध्यात दोरा दिसतो का ते शोधा. शिवलेल्या वहीत पानं फर्म्या-फर्म्यांनी जोडलेली असतात. बहुधा आठ पत्रांचा म्हणजे १६ पानांचा एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या मधल्या घडीत दोऱ्याचे टाके स्पष्ट दिसतात. एका टाक्यापासून पुढच्या टाक्यापर्यंत पानं मोजली की बांधणी कशी आहे ते कळतं. अख्ख्या वहीत कुठेच दोरा दिसला नाही तर ती नुसत्या सरसाने चिकटवलेली आहे. टेबलावर ठेवून बघा: शिवलेली वही जवळजवळ सपाट पडते. चिकटवलेली वही अर्धवट उभी राहते आणि आपण तळहाताने दाबली की पाठीतून बारीक कडकड आवाज येतो. तो आवाज आला की ती वही खाली ठेवा.

चिकट बांधणी आपल्याकडे का टिकत नाही, याचं कारण तापमानात आहे. पाठीला लावलेला यंत्रातला सरस उष्णतेने मऊ पडतो. मोटरसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली वही दुपारभर राहिली की पाठ तिरपी होते आणि मधली पानं अर्धा सेंटिमीटर बाहेर सरकतात. हिवाळ्यात उलट घडतं. परभणीकडे पारा एक आकडी उतरतो त्या दिवसांत हाच सरस ठिसूळ होतो आणि सकाळी उघडताना पाठ तडकते. ऑगस्टमधली पानं जानेवारीत सुटून पडतात ती यामुळे.

पिना मारलेल्या वह्यांचे दोन प्रकार. घडीवर मधोमध पिना असलेली शंभरपानी ठीक चालते. दोनशेपानीला कडेने आरपार पिना मारलेल्या असतील तर वही पूर्ण उघडत नाही, आतली दोन सेंटिमीटर जागा वाया जाते, आणि पावसाळ्यात पिना गंजून तांबूस डाग पसरतात. स्पायरलची वही उघडायला सगळ्यात सोयीची, पण पान फाडायलाही तितकीच सोपी. वाईट दिवसाचं पान फाडून टाकायचा मोह त्याच दिवशी होतो, आणि वर्षअखेरीला नेमकं तेच पान हवं असतं.

चिकटवलेली वही घरी आलीच असेल तर बाइंडिंगवाल्याकडे नेऊन उपयोग थोडाच. तिच्या फर्म्यांच्या घड्या आधीच कापलेल्या असतात, त्यामुळे घडीतून शिवता येत नाही. कडेने आरपार शिवावं लागतं आणि आतला सेंटिमीटरभर समास गिळला जातो. त्यापेक्षा सुरुवातीलाच वही बांधून घेणं परवडतं. ५२ ए-फोर कागद, चार-चार कागदांचा एक घडी केलेला फर्मा, असे १३ फर्मे, एकूण २०८ पानं. बाइंडिंगवाल्याला दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, कागदातले तंतू पाठीला समांतर येतील असा कागद निवड. तंतू आडवे आले की पावसाळ्यात पानं पाठीजवळ लाटांसारखी उठतात. ए-फोरचे तंतू बहुतेक लांबीच्या दिशेने असतात, घडी घातल्यावर ते पाठीला आडवे येतात. म्हणून मोठा कागद आणून दिशा बघून कापलेला बरा. ओळखायची युक्ती सोपी आहे. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा, ज्या दिशेने सहज वळतो त्या वळणाच्या रेषेत तंतू असतात. दुसरी गोष्ट, खळीत मोरचूद घाल. मैद्याच्या खळीवर कसर आणि वाळवी लगेच येते. चिमूटभर मोरचूद असला की लांब राहते. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे घरी खळ शिजवणार असाल तर त्यासाठी वेगळं भांडं ठेवा आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

कागद ७० जीएसएमपेक्षा पातळ नको. बॉलपेनला तेवढा पुरतो, शाईचा पेन वापरणाऱ्याने ८० च्या पुढचा घ्यावा. दुकानात शेवटच्या पानावर आपल्याच पेनाने तीन ओळी लिहा, १० सेकंद थांबा, बोटाने पुसा, मग पान उलटून उजेडाकडे धरा. शाई फरफटली किंवा मागे अक्षर वाचता आलं तर दुसरी वही मागा. चांगला दुकानदार याला कधी ना म्हणत नाही.

दोनशे पानांत वर्ष मावतं का? नीट मावतं. दिवसाला अर्धं पान धरलं तर १८३ पानं जातात, १७ उरतात. सुरुवातीची तीन पानं वर्षारंभीच्या स्थितीला, बारा महिन्यांच्या आढाव्याला अर्धं-अर्धं म्हणजे सहा, शेवटची चार पानं सूचीला, आणि उरलेली चार वर्षअखेरीला. लाँगबुकच्या अर्ध्या पानात १०-१२ ओळी बसतात. रोज एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

कागजीपुऱ्याचा हातकागद

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली, त्या काळाशी इथल्या कागदकामाचा संबंध जोडला जातो. गावाचं नावच कागद करणाऱ्या कागजींवरून पडलं. वेरूळला जाणारी बरीच मंडळी या गावावरून न थांबता पुढे जातात. थांबायला हवं, कारण एका वर्षाच्या आठवणींसाठी मराठवाड्यातच तयार होणाऱ्या कागदाचा विचार करणं अगदी रास्त आहे.

हातकागदाची ताकद त्याच्या धाग्यात असते. सुती चिंध्यांचा लगदा लांब तंतूंचा असतो, म्हणून पान घडी घातलं, उघडलं, पुन्हा घातलं तरी घडीवर तुटत नाही. लाकडाच्या स्वस्त लगद्यातल्या लिग्निन या घटकामुळे वर्तमानपत्र जसं पिवळं पडतं तसा हा कागद पडत नाही. हात फिरवला की पृष्ठभागाचा बारीक खरखरीतपणा जाणवतो, कडा कापलेल्या नसतात, उजेडात धरलं की लगद्याचे जाड-पातळ ढग दिसतात.

अडचण लिहिताना येते. लगद्याला किंवा वाळलेल्या कागदाला खळ-राळेचा पुरेसा हात दिलेला नसेल तर शाई तंतूंतून पसरते आणि 'म' आणि 'भ' ओळखू येत नाहीत. जुन्या काळी कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत, बोरू अडखळू नये आणि शाई वरच राहावी म्हणून. आज घेताना विचारायचा प्रश्न हाच: कागद घोटीव आहे का, की नुसता वाळवलेला? नुसता वाळवलेला असेल तर तो पत्रिका, पिशव्या, चित्रं यांना चांगला. लिहायला घोटीवच हवा. बॉलपेन दोन्हींवर चालतो, पण खरखरीत कागदावर बॉलच्या टोकाशी तंतू अडकतात आणि मधेच अक्षर कोरं उठतं. टोक कापडाला पुसून पुढे लिहावं.

जाडीचा हिशेबही आहे. १२० जीएसएमच्या कागदाची दोनशे पानं म्हणजे ए-फाइव्हलाच पावणेचारशे ग्रॅम आणि ७० जीएसएमच्या पावणेदोन पट जाडी. म्हणून रोजच्या लिखाणाला ही वही घेऊ नये. तिचा योग्य उपयोग बारा महिन्यांच्या आढाव्याला: ४८ पानांची छोटी वही, महिन्याला चार पानं. रोजचं दोनशेपानीत लिहायचं आणि महिनाअखेरीला त्यातलं ठेवण्यासारखं हातकागदावर उतरवायचं. दोनदा लिहिल्याने महिना नीट चाळला जातो, आणि वीस वर्षांनी घरात कुणी उघडणार असेल तर हीच वही उघडणार. पैसे यावर खर्च करावेत, छापील डायरीवर करू नयेत.

पेन आणि चिकटवलेल्या गोष्टी

०.७ मिलिमीटरचा बॉलपेन. त्याची शाई तेलकट असते, त्यामुळे पावसात पिशवी भिजली तरी अक्षर राहतं. जेलपेन छान चालतो पण त्यातल्या बऱ्याच शाया पाण्याने पसरतात. एक ओळ लिहून वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकला की लगेच कळतं. शाईच्या पेनाची साधी निळी शाई तर पाण्याने धुऊनच निघते. लाल आणि हिरव्या रंगात मुख्य मजकूर लिहू नये, उजेडाने ते लवकर उडतात. शिसपेन्सिलीचं अक्षर उडत नाही, घासलं मात्र जातं.

एसटीचं यंत्रातून निघणारं तिकीट, एटीएमची चिठ्ठी, पेट्रोलपंपाची पावती हे सगळं उष्णतेने काळा होणारा लेप दिलेल्या कागदावर छापतात. काही महिन्यांत ती अक्षरं पुसट होतात, आपल्या उन्हाळ्यात तर अधिकच लवकर. पहिल्यांदा एकट्याने केलेल्या प्रवासाचं तिकीट वहीत चिकटवायचं असेल तर आधी त्यावरची तारीख, कुठून-कुठे आणि भाडं शेजारी पेनाने लिहा, किंवा त्याची झेरॉक्स चिकटवा. सेलोटेप टाळा, तो पिवळा पडतो, सुटतो आणि मागे चिकट डाग ठेवतो. फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात, फक्त वरच्या कडेला. पूर्ण पाठीला लावला की पान सुरकुततं. आणि वर्षभरात १५-२० पेक्षा जास्त वस्तू चिकटवू नका, वही मधे फुगते आणि पाठीवरचे टाके ताणले जातात.

मोबाईल

मोबाईलचे तीन गुण निर्विवाद आहेत: फोटो, शोधण्याची सोय आणि बोलून लिहिणं. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोललेलं बऱ्यापैकी उमटतं. हाताने लिहायचा सराव सुटलेल्यांना आणि ज्येष्ठांना हा मोठा आधार आहे. विरामचिन्हं मात्र स्वतः घालावी लागतात, आणि गावांची नावं एकदा तपासून घ्यावी लागतात.

अडचणी वेगळ्याच ठिकाणी येतात. नोंदी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे बरेच आहेत. फोन बदलला, बॅकअप घेतलेला नसला, की अख्खं वर्ष गेलं. नोंदींचं ॲप निवडताना एकच प्रश्न विचारावा: यातलं सगळं मला एका फाईलमध्ये बाहेर काढता येतं का? येत नसेल तर ते ॲप घेऊ नका. येत असेल तर दर तीन महिन्यांनी पीडीएफ काढून ती मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. पडद्यावर वर्ष वाचताना वरून खाली सरकवत जावं लागतं, दहा महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवता येत नाही. वाढ दिसते ती या शेजारी ठेवण्यात. म्हणून मोबाईल दिवसभरात टिपायला, वही रात्री लिहायला.

वहीत काय लिहायचं, म्हणजे वर्षअखेरीला कळेल

वर्ष सरताना 'खूप शिकलो' असं सगळेच म्हणतात, नेमकं काय हे थोड्यांनाच सांगता येतं, कारण सुरुवात कुठून झाली हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून पहिली तीन पानं फार महत्त्वाची. त्यात आज जे येतं आणि जे येत नाही ते मोजता येईल असं लिहायचं. विहिरीत पोहता येतं का, किती हात मारता येतात. न थांबता किती किलोमीटर पळता येतं. बँकेतला फॉर्म कुणाला न विचारता भरता येतो का. भाकरी पूर्ण फुगते का. चारचाकी गल्लीतून मागे घेता येते का. डोक्यावर देणं किती, शिल्लक किती. इंग्रजीत फोन आला तर किती मिनिटं बोलता येतं. असे १५-२० मुद्दे पुरेत. 'आत्मविश्वास वाढवायचा' असलं काही लिहू नका, वर्षाने ते तपासायला काहीच हाती नसतं.

रोजच्या नोंदीचंही तसंच. हा नमुना बघा:

'आजचा दिवस छान गेला. खूप नवीन शिकायला मिळालं.'

यातून सहा महिन्यांनी काहीच निघत नाही. तोच दिवस असा लिहिला तर:

'१४ जुलै, सोमवार. सेतूमध्ये नॉन-क्रिमिलेअरचा अर्ज पहिल्यांदा स्वतः भरला. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो हे माहीत नव्हतं, परत यावं लागलं. खिडकीवर विचारायची भीड गेली. रिक्षा ४० रुपये.'

चार ओळी. काय नवं केलं, कुठे अडलं, का अडलं, मनात काय बदललं आणि एक आकडा. आकडा कुठलाही चालतो: पैसे, किलोमीटर, तास, पाऊस. आकड्याने दिवस पुन्हा डोळ्यासमोर येतो, विशेषणाने येत नाही.

'पहिल्यांदा' हा शब्द आला की त्याखाली रेघ मारायची आणि शेवटच्या चार पानांतल्या सूचीत तारीख आणि पान क्रमांक टाकायचा. त्यासाठी वही आणल्या दिवशीच सगळ्या पानांना हाताने क्रमांक द्यावेत. अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे. ही सूची नसेल तर वर्षअखेरीला १८३ पानं चाळून शोधावं लागतं, आणि शोधणारा मार्चपर्यंत पोचून कंटाळतो.

वेळ ठरलेली हवी. मन भरून आलं की लिहिणारे पुष्कळ असतात, आणि ते बहुधा त्रासाच्या दिवशीच लिहितात. मग वर्ष वाचताना सगळं वर्ष दुःखाचंच वाटतं, जे खरं नसतं. रात्री जेवण झाल्यावर, मोबाईल चार्जिंगला लावला की लगेच, अशी एखाद्या रोजच्या कामाला बांधलेली वेळ ठेवा. राहून गेलेले दिवस दुसऱ्या दिवशी एका ओळीत लिहा. तीन दिवसांपेक्षा जुनं मागे जाऊन भरू नका, ते आठवणीने रंगवलेलं असतं. सरळ पुढच्या तारखेवर जा. कोऱ्या वहीत त्याची खूण उरत नाही, हाच तिचा मोठा फायदा.

घरात एकाच खोलीत सगळे असतील तर वही उघडी राहण्याची भीती खरी असते, विशेषतः मुलींना आणि सुनांना. त्यासाठी कुलपाची डायरी घेऊ नये, तिच्याकडे लक्ष जास्त जातं. शाळा-कॉलेजच्या वह्यांसारखीच दिसणारी, कव्हरवर विषयाचं नाव टाकलेली वही सगळ्यात सुरक्षित. माणसांची नावं एकेका अक्षरात लिहा, आणि कुठलं अक्षर कुणाचं हे कुठेही लिहून ठेवू नका.

वर्ष वाचणं

एका बैठकीत उरकू नका. पहिल्यांदा हातात पेन न घेता सलग वाचा. दोन-अडीच तास लागतात. दुसऱ्या दिवशी शिसपेन्सिल घेऊन तीनच खुणा करा: जे येत नव्हतं आणि आता येतं त्याला टिक, जे पुन्हापुन्हा अडलं त्याला गोल, जे सुरू करून सोडलं त्याला फुली. मग पहिली तीन पानं समोर ठेवून मुद्द्यामुद्द्याने आजची स्थिती वर्षअखेरीसाठी राखलेल्या चार पानांत लिहा.

या दुसऱ्या बैठकीत एक चूक हमखास होते. शेवटचे दोन महिने ताजे असतात म्हणून तेच भरभरून लिहिले जातात, आणि उन्हाळ्यात मेहनतीने शिकलेली गोष्ट 'ती तर येतच होती' म्हणून सुटते. शिकलेली गोष्ट अंगवळणी पडली की ती कधीकाळी येत नव्हती हेच विसरायला होतं. त्यामुळे आढावा महिन्यांच्या उलट्या क्रमाने न करता वर्षाच्या पहिल्या महिन्यापासून करा, आणि प्रत्येक महिन्यातून निदान एक टिक शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. गोलांकडेही तेवढंच लक्ष द्या. एकाच कारणाचे चार-पाच गोल दिसले, उदाहरणार्थ दरवेळी कागदपत्रं अपुरी, दरवेळी पैसे वेळेवर नाहीत, तर पुढच्या वर्षाच्या पहिल्या पानावरचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरात पाहुणे, सहली, परीक्षा असतात. वाचायला तो आठवडा वाईट. लातूर-धाराशिवकडे येळवस हा शेतातला सण मार्गशीर्ष अमावास्येला येतो. तो अख्खा दिवस शेतात जातो, भज्जी-आंबिलीत कुणालाच वही आठवत नाही, पण त्याच्या आदल्या-नंतरच्या दिवसांत हाताला थोडी उसंत असते. शेतकरी घरांत सोयाबीन विकून झालेलं असतं, हरभरा-ज्वारी उभी असते. वर्षाचा हिशेब तेव्हा डोक्यात आधीच चाललेला असतो, वाचायलाही तेव्हाच बसावं.

वाचून झालेली वही पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात तिथला कागद कडक होऊन कडेने तुटतो. भिंतीलगतचं लाकडी फळकुटही नको, वाळवी भिंतीतूनच येते. सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात आडवी ठेवा, पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत पानं मोकळी करून वारा द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, भाद्रपदातली ओल आत अडकून बुरशी धरते. कव्हरवर आणि पाठीवर, दोन्हीकडे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे बॉलपेनाने लिहून ठेवा.